पात्यावरची वाळू

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, देवापुढेही मोठ्यानं नाही. अक्षर वाकडं येतं माझं, चौथीपर्यंतच शाळा झाली. पण आता मनात धरून धरून थकले — लिहून टाकते.

मी ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची झाडझूड करते. तिथे मृणाल होती, दौलतगंजातली, आपल्यातलीच मुलगी. हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती कशा आकाराची केली तर तेवढ्याच ताकदीत जास्त वजन उचलतील, हे ती शोधत होती. तीन वर्षं. कॉम्प्युटरवर कितीतरी आकार करून पाहिले, त्यातला एक निवडला आणि त्याची हातभर लांबीची चार पाती बनवून घेतली. ती फिरवायची, आकडे वहीत लिहायची. मराठीत बोलायला मिळतं म्हणून चहा माझ्याजवळ बसून प्यायची.

प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेजवळ तिनं बारीक वाळूची रेघ चिकटवली होती. माझ्यासमोर. "मोठ्या पात्यावर हवा जशी वागते, तशी या छोट्यावर वागावी म्हणून, मावशी," म्हणाली. मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा होते. आमचं घराणं शिपायांचं. माहेरी आजोबांची तलवार मीच राखेनं घासायची. आदल्या दुपारी सगळं लख्ख करताना पातीही घेतली — सवयीनं. दोन घासून झाल्यावर बोट फिरवलं, खरखर लागली नाही, आणि आठवलं. मग थांबले का? उरलेली दोनही घासली, चारी सारखी दिसावीत म्हणून. वर हळदकुंकू लावलं.

दसऱ्यानंतर आकडे जुळेनात. तिचं काम तपासणाऱ्या सरांनी पाती हातात घेतली, तर रेघच नाही. जुन्या फोटोंत एवढी बारीक रेघ दिसत नव्हती. सर म्हणाले, ही रेघ कधी लावलीच नव्हती, वहीत खोटं लिहिलंय, आता मागचे सगळे आकडे बाद. मग मला विचारलं, "तुमने हाथ लगाया था?"

"नहीं सर."

एवढंच असतं, तर घाबरले होते असं स्वतःला सांगत राहिले असते. पण मृणाल माझ्याकडे वळली. रडत नव्हती ती. "मावशी, मी लावत होते तेव्हा तुम्ही बघत होतात ना? तेवढं सांगा सरांना."

हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न काय येणार, ते मला दिसत होतं. मी पदर सावरला, खाली बघितलं. "मला यातलं काय कळतं, बेटा? मी चौथी शिकलेली."

सर हसले. "अब इनसे गवाही दिलवाओगी?"

त्या महिन्यातच मृणालनं काम सोडलं. आता मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. मागे फूलबागेजवळ भेटली, तर स्वतःच थांबली, माझे गुडघे कसे आहेत विचारलं. राग नव्हता. सरांचं नाव निघालं तसं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला उगीच त्यात ओढलं मी. तुम्हाला कसं कळणार होतं?"

मी मान हलवली.

मला कळत होतं. तेव्हाही, आणि मान हलवतानाही.