साडेपाच पौंडांची पाहुणी

वॉर्डात कुजबुज होती ती अशी: सिस्टरबाईंच्या घरी चार दांडगे मुलगे, मुलगी एकही नाही, म्हणून लोकांची बाळं त्या एक दिवस जास्त ठेवून घेतात. सगळी नाहीत हं. धडधाकट बाळांकडे त्या ढुंकूनही बघत नसत. जन्मतःच किडकिडीत निघालेली, कोपऱ्यातल्या उबदार खोलीत ठेवलेली तेवढी अडकायची. फरशी पुसणारी मावशी हे प्रत्येक नव्या बाळंतिणीच्या कानात घालायची आणि वर ‘माझं नाव नका घेऊ’ असं बजावायची, म्हणजे मग ते सगळीकडे हमखास पोचायचं.

सिस्टरबाईंनी हे ऐकून सोडून दिलं होतं. त्यांचा जीव होता तो खोलीतल्या जुन्या, पौंडांच्या वजनकाट्यावर. बॅटरीवर चालणारे दोन नवे काटे आले, आजारी पडले, गेले. हा गोल तबकडीचा म्हातारा अजून ताठ. डॉक्टरांना मात्र वजन किलोत लागे. अडीच किलो भरलं की बाळ घरी, असा त्यांचा नियम. मग सिस्टरबाई छताकडे बघत: पौंड निम्मे करायचे, त्यातून दहावा हिस्सा काढायचा. तीस वर्षं सगळं तोंडी. कागद विसरभोळ्यांसाठी असतो, असं त्यांचं मत.

त्या दिवशी काट्यावर होती एक चिमुरडी, बरोब्बर साडेपाच पौंड. तिचा बाप जहाजावर कामाला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला की सात महिने जमिनीला पाय नाही. त्या खोलीत बापांना प्रवेश नसल्यामुळे त्याने लेक पाहिली होती ती काचेतून. एकदा तरी मांडीवर घ्यायची, एवढाच त्याचा हट्ट. आईने सकाळपासून पिशवी भरून ठेवली होती.

“निम्मे पावणेतीन, दहावा हिस्सा गेला, दोन किलो चारशे पंचाहत्तर,” सिस्टरबाई म्हणाल्या. “पंचवीस ग्रॅम कमी. उद्या बघू.”

“उद्या हिचा बाप समुद्रात असेल, सिस्टर.”

“मग? बाप काय बाळाचं वजन खिशात घालून नेतोय?”

आई पार्सल ऑफिसात खिडकीवर बसणारी. परदेशी खोक्यांशी रोजची गाठ. तिने गरीब चेहरा करून विचारलं, “सिस्टर, शंभर पौंडांचे किलो किती?”

“पंचेचाळीस. त्यात काय?”

“आमच्याकडे पंचेचाळीस लिहिलं तर साहेब खोकं परत पाठवतात. पंचेचाळीस किलो तीनशे साठ ग्रॅम.”

मावशीचं फडकं जागच्या जागी थांबलं. सिस्टरबाईंनी तीस वर्षांत पहिल्यांदा कागद मागितला. गुणाकार केला, पुन्हा केला. दोन किलो चारशे पंच्याण्णव. तरीही पाच ग्रॅम कमीच. आईचं तोंड एवढंएवढंसं झालं.

काचेपलीकडे बाप नाक चपटं करून उभा. सिस्टरबाईंनी कागद चुरगळून खिशात टाकला असता, तर डॉक्टरांना पत्ता लागला नसता. नियम तर बाईंच्याच बाजूने होता. सिस्टरबाई कागद घेऊन तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि आधी स्वतःची चूक सांगितली, मग बाळाचं वजन. डॉक्टरांनी बाळाला पुन्हा एकदा नीट तपासलं. दूध पीत होतं, अंगात ऊब होती. “पाच ग्रॅम?” ते म्हणाले. “माझ्या पेनचं टोपण जास्त भरेल,” आणि त्याच पेनने सही ठोकली.

सिस्टरबाईंनी स्वतः लेक बापाच्या हातात दिली. तो असा अवघडून उभा राहिला, की त्यांना राहवलं नाही.

“डोकं धरा नीट. जहाजाचा नांगर नाही उचलत आहात.”

तो रडत होता की हसत होता, यावर वॉर्डात अजून दोन तट आहेत. सिस्टरबाईंनी शंभर पौंडांचा नवा आकडा चिकटपट्टीवर लिहून काट्याला लावला आणि तेव्हापासून बाळं वेळेवर घरी जाऊ लागली. मावशी आता म्हणते, बाईंची मायाच आटली.

माया ना वाढली होती, ना आटली. पौंड निम्मे करून दहावा हिस्सा काढला की अडीच किलोमागे वीस ग्रॅम कमी दिसतात, आणि किडकिडीत बाळ दिवसाला साधारण तेवढंच वाढतं.