डावीकडे वळताना जाणारी लाईट

यावेळची सफर फार लांबची नाही. बारामती ते निमगाव केतकी, गाडीवर रमतगमत गेलं तरी दीड तासाचा रस्ता. माझ्या घाटवाटांच्या पोस्ट वाचून इथं आलेल्यांची थोडी निराशा होईल, कारण या वाटेवर ना किल्ला आहे ना धबधबा. दोन्ही बाजूंना ऊस आहे, आणि ऊस संपला की पुन्हा ऊस आहे. मी गेले होते माझ्या धाकट्या भावाची, संदीपची, मोटारसायकल बारामतीच्या गॅरेजमधून घरी न्यायला.

संदीप गेल्या ऊसतोडीच्या हंगामात गेला. पौर्णिमेची रात्र होती. शेतातली लाईट आली म्हणून तो मोटर चालू करायला निघाला. आमच्याकडे वीज आली तरी लाईट आली म्हणतात आणि गाडीचा दिवाही लाईटच. मोठ्या रस्त्यावरून तो डावीकडे चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, कच्च्या रस्त्याला वळला आणि उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, लाल पट्टीही नव्हती. पण तिथल्या माणसांनी एकच सांगितलं, की पोराच्या गाडीला लाईट नव्हती.

ते ऐकून आबा, म्हणजे आमचे वडील, जे खाली बसले ते मनानं अजून उठलेले नाहीत. कारण डांबरी सुटली आणि वर चांदणं असलं, की लाईट बंद करायची, ही शिस्त त्यांचीच. ‘चांदणं फुकटचं हाय, बॅटरी कशाला जाळायची?’ हे आम्ही दोघा भावंडांनी त्यांच्या मागं बसून लहानपणापासून ऐकलंय. ‘माझ्या शिकवण्यानं गेलं पोरगं,’ एवढंच ते म्हणत राहिले. गाडी भंगारात घाला म्हणाले, स्वतः दुचाकीवर बसायचं सोडून दिलं. कुणी कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, गाडी दुरुस्त करून मी घरी आणते, मग काय ते ठरवू.

सकाळी स्वारगेटहून विनाथांबा एसटी पकडली. जाणाऱ्यांनी हीच पकडावी, उभ्यानं जायची वेळ सहसा येत नाही. गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली गाडी उभी होती. पुढच्या चाकाचा चिमटा सरळ केलेला, दिव्याची काच नवी. टाकीवरचा ओरखडा मात्र तसाच होता. मेकॅनिकनं गाडी चालू करून लाईट लावून दाखवली. लागली. जुनी गाडी आहे, लाईट बंद करायचं बटण असलेली. हल्लीच्या गाड्यांना ते नसतं, आणि ते बरंच आहे.

हवा भरली, पेट्रोल टाकलं, इंदापूर रस्त्याला लागले. रस्ता आता रुंद आणि झकास आहे, पण हंगामात जाणार असाल तर वेगाची मस्ती करू नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चाललेले असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. मी दिवसाही लाईट लावूनच चालवते. त्याचा उपयोग पिंपळीत झाला. चहासाठी डावीकडे वळून टपरीपुढं थांबले, तर टपरीवाल्या मावशी कांदाभजी तळता तळता म्हणाल्या, “ताई, वळताना तुमची लाईट गेली बघा.”

मी हँडल सरळ केलं, लाईट आली. डावीकडे फिरवलं, गेली. उजवीकडे फिरवलं, काही नाही, जळतेय. पुन्हा डावीकडे, गेली. चारीचा रस्ता डावीकडे आहे, हे माझ्या डोक्यात आलं आणि भजी तशीच ताटलीत राहिली. तिथली भजी चांगली असतात असं लोक म्हणतात, मला चव आठवत नाही.

कन्हेरीच्या अलीकडे रस्त्याकडेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मालक बिरूदादा, पन्नाशीचे. आजा मेंढरं वळायचा, मी वायरी वळतो, अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. माझा चेहरा बघून पुढची थट्टा त्यांनी आवरली. दिव्याची काच काढून त्यांनी आतली वायरींची जुडी बाहेर ओढली. हँडल डावीकडे वळलं की ही जुडी ताणली जाते, सांगाड्याला घासते. एका वायरीची आतली तार तुटली होती. हँडल सरळ असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत, वळताना सुटत. आणि त्या जागेवर कुणीतरी ठिबक सिंचनाची बारीक काळी नळी उभी चिरून बसवली होती, वरून सुतळीचे वेढे.

ती नळी मी कुठंही ओळखली असती. डाळिंबाला ठिबक केल्यापासून संदीपच्या खिशात तिचं वेटोळं कायम असायचं. आईच्या कढईचा कान, बादलीची कडी, आबांच्या चष्म्याची तुटलेली काडी, सगळ्याला त्याचा एकच इलाज. आम्ही त्याला ठिबक डॉक्टर म्हणायचो.

बिरूदादांना मी सगळं सांगितलं आणि विचारलं, ही तार अपघातात तुटली असेल का? त्यांनी वायर उजेडात धरून निरखली.

“तार कवा तुटली ते मी सांगू शकत न्हाय, ताई. पण नळी तर त्यानंच घातलीय न्हवं? ज्याला लाईट बंदच ठेवायची हाय, तो एवढा कुटाणा कशाला करंल?”

ते लगेच वायर बदलायला निघाले, मी नको म्हटलं. आबांना हे असंच दाखवायचं होतं. मग दिवस मावळायच्या आत घर गाठा, असं त्यांनी दोनदा बजावलं. तुम्हीही लक्षात ठेवा, हँडल पूर्ण दोन्हीकडे फिरवून बघितल्याशिवाय लाईट तपासली असं म्हणू नये.

लासुर्णे, अंथुर्णे मागं पडलं. ऊन कलताना आमच्या चारीला वळले. मुद्दाम खाली वाकून दिव्याकडं बघितलं. वळणावर तो विझला. गाडी कडेला लावून मी तिथंच रडले. पलीकडं तोडलेल्या उसाचा खोडवा पुन्हा कमरेएवढा वाढला होता.

घरी आबा गोठ्यात होते. गाडीचा आवाज ऐकूनही त्यांनी मान वळवली नाही. अंधारून येईपर्यंत मी थांबले. मग गोठ्याच्या भिंतीसमोर गाडी उभी करून चालू ठेवली आणि त्यांना हाक मारली. भिंतीवर उजेडाचा गोल पडला. मी हँडल डावीकडे फिरवलं, गोल गेला. सरळ केलं, आला. तीन-चार वेळा तेच केलं. आबा जवळ आले. मी बॅटरीच्या उजेडात काचेमागची जुडी बाहेर काढली आणि ती नळी त्यांच्या बोटात दिली.

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. एका हातानं वायरीवरची नळी चाचपली, दुसऱ्या हातानं चष्म्याच्या काडीवरची.

“लाईट लावली हुती त्यानं,” आबा म्हणाले.

“व्हय, आबा.”

“मला बोलला न्हाय कधी, वायर तुटलीय म्हणून.”

“तुमी रागावला असता.”

“रागावलोच असतो,” ते म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. आई दारात आली, तिनं त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी वायर बदलायला इंदापूरला निघाले, तर आबा टोपी घालून बाहेर आले आणि मागं बसले. वाटभर माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. इंदापुरात उजनीच्या माशांची ताटं चांगली मिळतात, खाणाऱ्यांनी चुकवू नयेत. आम्ही मिसळ खाल्ली. वायर बदलणाऱ्यानं जुना तुकडा कचऱ्यात टाकला तेव्हा आबांनी तो मागून घेतला, पुसला आणि बंडीच्या खिशात ठेवला.

मी पुण्याला परतले, गाडी तिथंच राहिली. आमच्याकडे आहे तो काही कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे. संदीप तर नाहीच. ट्रॉल्या तशाच बिनदिव्याच्या उभ्या असतात, त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. पण एका माणसाच्या गळ्यातला फास सुटला, आणि त्यासाठी मी हा रस्ता पुन्हा कितीदाही करीन.

परवा पौर्णिमा होती. जेवायला बसले होते, तेवढ्यात आबांचा फोन आला. लाईट आलीय, मोटर चालू करायला निघालोय, म्हणाले. मागं गाडी चालू असल्याचा आवाज येत होता. मी लाईटचं विचारायला तोंड उघडलं.

“लावलीय गं,” आबा म्हणाले. “चांदणं हाय, तरी लावलीय.”