शाडूच्या कारखान्यातली शेपटी

राखणीची कुत्री तयार करून देणं हा माझा धंदा. घर रोह्याकडे, खांब गावाच्या बाजूला. भात कापून झालं की घरामागचं शेत मोकळं होतं, तीच माझी शाळा. गिऱ्हाईक कुत्रा घेऊन आलं की मी आधी गिऱ्हाइकाकडे बघतो. कंपनीच्या गोदामवाल्याला शिफ्ट सुटताना गप्प बसणारा कुत्रा लागतो. फार्महाउसवाल्याला पाहुण्यांपुढे मवाळ आणि पाहुणे गेले की वाघ असा हवा असतो. आपली मागणी अगदी साधी आहे, असं प्रत्येकालाच वाटतं.

पेणच्या एका गणपती कारखानदाराची मागणी मात्र खरोखरच साधी होती. कुत्र्यानं शेपटी हलवायची नाही.

आदल्या वर्षी शेडचा पत्रा उचकटून कुणीतरी त्याचा रंगाचा कंप्रेसर पळवला होता. म्हणून त्यानं हा अल्सेशियन आणला. परक्या माणसाला तो दाराशी उभा करत नसे. अडचण घरच्या माणसांची होती. शाडूच्या कच्च्या मूर्ती फळ्यांवर ओळीनं सुकत ठेवलेल्या, मधून माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट. मालक आत शिरला की कुत्र्याला आनंदाचं भरतं यायचं आणि शेपटीच्या एका फटक्यात कुणाचा हात जायचा, कुणाची सोंड.

"चोरानं नेलं त्याच्यापेक्षा यानं जास्त मोडलंन," तो म्हणाला. "डॉबरमॅनची नाय का कापत? डॉक्टरशी बोलून ठेवलंय. तुमच्यानं होत नसंल तर तसं सांगा, नेतो कापायला."

कुत्रा दोन वर्षांचा होता, हाडापेरानं चांगला. त्या वयात शेपूट कापणं म्हणजे धडधाकट अवयव तोडणं. मला चीड आली. पण मी चिडलो की गिऱ्हाईक उठून जातं आणि कुत्राही त्याच्याबरोबर जातो, हे मला एव्हाना कळलं होतं. "मूर्तींनी शेड भरेपर्यंत थांबा," एवढंच म्हणालो आणि कुत्रा ठेवून घेतला.

शेपटी धरून काही शिकवता येत नाही. कुत्रा ती मुद्दाम हलवत नाही, आनंद झाला की ती हलते. म्हणजे आनंदच दाराबाहेर ठेवायला हवा. मी विटांवर बिस्किटांचे रिकामे डबे रचून अरुंद गल्ली केली. गल्लीत मी त्याच्याकडे बघायचो नाही, बोलायचो नाही. बाहेर पडलो की मात्र लाड, खाऊ, मस्ती, सगळं. डबा पडला तर ओरडायचं नाही, मागं फिरून पुन्हा पहिल्यापासून चालायचं. कुत्रा हुशार निघाला. हळूहळू डबे वाजायचे बंद झाले.

पेणला माणसांना शिकवताना जास्त घाम निघाला. शेडमध्ये कुणीही त्याला हाक मारायची नाही, थोपटायचं नाही, काय ते दाराबाहेर, असा नियम मी घालून दिला. रंगकाम करणारी एक मावशी शेजारणीला म्हणाली, "बघ गो, बोलायचं पण नाय त्याच्याशी. मंग पाळलाय कशाला?" सगळ्यात नाठाळ खुद्द मालक. आत पाऊल टाकलं की त्याच्या तोंडून "आला काय माझा राजा!" निघालंच. शेवटी मी त्याला झापलं, "शेठ, लाड करायचे तर बाहेर. नायतर चला, मीच येतो डॉक्टरकडे." त्यानंतर तो सुधारला.

शेड भरली तेव्हा तो चार दिवस गावाला गेला होता. परत आला त्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. तो आत शिरला. कुत्रा उठला, कान मागे गेले, अंगावरून एक शिरशिरी गेली. शेपटीचं टोक जरासं थरथरलं आणि खाली गेलं. एक बोटही तुटलं नाही. डॉक्टरचा विषय संपला. मालकानं पेढे वाटले आणि मी खुशीत घरी आलो.

गणपती झाल्यावर सहज चक्कर मारली. शेड रिकामी होती, फळ्यासुद्धा भिंतीला लावलेल्या. मालक मधोमध जमिनीवर बसला होता आणि कुत्रा समोर उभा.

"मास्तर, बघा ओ याच्याकडं," तो म्हणाला. मग कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाला, "हालव की रे. आता कोण नाय हितं. हालव." कुत्र्यानं त्याचा हात चाटला. शेपटी जागची हलली नाही.

आम्ही बाहेर आलो तर कुत्रा मागच्या पायांपासून सगळा हलायला लागला, मालकाच्या अंगावर चढला. आत गेलो, शेपटी पुन्हा गप्प. काम चोख झालं होतं आणि मला फार वाईट वाटलं.

"मोडता यंल काय हे?"

"येईल. महिनाभर आत लाड करा, विसरेल. पण पुढच्या साली मूर्ती..."

तो खाली बसून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग उठला, कोपऱ्यातली आपली खुर्ची उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मीच बसंन हितं."

कुत्रा त्याच्या मागोमाग बाहेर आला.