थंड हातांची पारख

ठकूआत्या माणसाचं नाव नंतर विचारायची, आधी हात धरायची. चिंचवडच्या चॉकलेटच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने माझा तळवा आपल्या गालाला लावला आणि सोडून दिला. "गरम हाय. आज न्हाई. उद्या ये," म्हणाली. बाई डोक्याने जरा सरकलेली असावी, असंच मला वाटलं.

कारखाना कसला, पत्र्याची शेड आणि मागे एक कौलारू खोली. शेठ आधी पेपरमिंटच्या गोळ्या करत. पन्नास सालानंतर त्यांना चॉकलेटचा नाद लागला. त्या खोलीत वड्या चांदीच्या कागदात गुंडाळायला त्यांनी थेरगाव-आकुर्डीकडच्या बाया घेतल्या आणि त्यांच्यावर ठकूआत्याला नेमलं. पहाटे भाकऱ्या थापून, उन्हातून चालत आलेल्या बाईचा हात लागला की वडीवर बोट उमटे. म्हणून आत्या प्रत्येकीला माठातल्या पाण्यात हात बुडवायला लावी, पुसून घेई आणि गालाला लावून बघे. हात गरम निघाला की त्या दिवशी खोकी चिकटवायची. "माल कुणाची भीड ठेवत न्हाई बाय," असं तिचं म्हणणं. सख्ख्या बहिणीलाही तिने असंच पाटावरून उठवलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. मी तर कायमची खोक्यांवरच, आणि मनातून तिच्यावर जळत असे.

एका चैत्रात देहूरोडच्या लष्करी कँटीनने नमुन्याची पेटी मागवली. पेटी पसंत पडली नाही तर खोलीला कुलूप आणि पुन्हा गोळ्या, असं शेठनी सांगून टाकलं. गोळ्यांना बाया लागत नव्हत्या. गाडी दुपारी येणार होती. पेटी अर्धी भरली तेव्हा आत्याचा हात थांबला. तिने मला बोलावलं आणि तळवा माझ्या गालाला लावला. तो भाजत होता. ताप भरला होता तिला.

तिच्याइतका चपळ हात कुणाचा नव्हता. बायांनी विनवलं, शेठही म्हणाले, आजच्या दिवस चालू द्या.

"कायदा मलाबी हाय," ती म्हणाली. माझे हात तिने माठात दाबून धरले, खसाखसा पुसले, दुसरीच्या गालाला लावून खात्री केली आणि मला आपल्या पाटावर बसवून स्वतः बाहेर गेली. प्रत्येक वडी उचलताना माझा जीव टांगणीला लागत होता. हॉर्न वाजला तेव्हा मी शेवटचा कागद दुमडत होते.

पेटी पसंत पडली. पुढे भिंत पाडून खोली वाढवली, पुण्याच्या दुकानांत माल जाऊ लागला, नव्या बाया आल्या. आत्याचा ताप मात्र हटेना. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं. जरा बरं वाटलं की ती यायची आणि उंबऱ्याबाहेरूनच माझ्यापुढे हात करायची. पारख आता माझ्याकडे आली होती.

एकदा फारच खंगून आली. सगळ्या बाया काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. तिचा हात मी गालाला लावला आणि मला तो सोडवेना. थंड आहे म्हणावं, असं ओठांवर आलं होतं.

"गरम आहे, आत्या," मी म्हणाले. "आज नाही. उद्या ये."

मला रडू फुटलं. ती मात्र हसली. "आता शिकलीस," म्हणाली आणि काठी टेकत निघाली.

दुसऱ्या दिवशी मी माठ काठोकाठ भरून ठेवला होता. आली ती तिची बहीण, आत्या गेल्याचं सांगायला.