केळझरच्या कमानीपाशी

सायकलच्या शर्यतीत खरा वैरी चढ नसतो, वारा असतो. हे मी आमच्या गावात कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. सेलूजवळच्या आमच्या गावाला माझ्या सायकलचं एकच आश्चर्य: "एवढी महागाची सायकल, अन् हिले स्टँड नाई, घंटी नाई, मडगार्ड बी नाई?" त्यात ती अंगाला चिकटणारी चड्डी. मी निघालो की पारावरची म्हातारी माणसं लाजून मान फिरवायची.

या वेडातले आम्ही दोघंच. मी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला, तो सेलूच्या कापड दुकानदाराचा मुलगा. जुलैत फ्रान्सची शर्यत आम्ही त्याच्या दुकानाच्या माडीवर, ताग्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मोबाइलवर पाहायचो. तिथले स्वार एकमेकांच्या चाकामागे दडून वारा चुकवतात. आम्हीही तेच करायला गेलो, पण दोन माणसं वारा तो किती अडवणार? मग आम्ही काकाजींचा टेम्पो धरला.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वांगी, फुलकोबी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या भरून ते रोज सकाळी नागपूरच्या बाजाराला जायचे. टेम्पोच्या डाव्या कोपऱ्यामागे मी, माझ्या चाकामागे तो. एकट्याने जन्मात गाठता येणार नाही असा वेग त्या आडोशाला मिळायचा. मोठ्या शहरांतल्या पोरांपुढे त्यांचा प्रशिक्षक मोटारसायकलवर असतो, आमच्यापुढे वांगी होती.

यात जिवाची जोखीम होती आणि म्हणून एक नियमही होता. मागच्याची नजर खाली, पुढच्याच्या चाकावर असते. त्याला रस्ता दिसत नाही. तेव्हा पुढच्याने सांगायचं. खड्डा आला की बोट दाखवायचं, वेग कमी होणार असला की हात बाजूला सोडून तळहात मागे उघडायचा. आणि आमच्या वाटेवर वेग कमी होण्याची एक जागा ठरलेलीच होती. केळझरच्या गणपतीची कमान आली की काकाजी ब्रेकवर पाय ठेवून उजवा हात छातीला आणि मग कपाळाला लावायचे. तेवढ्यात मी तळहात उघडायचो आणि तो मागून "हो" म्हणायचा.

त्या वर्षी पुण्याच्या एका संघाने निवड चाचणी ठेवली होती. निवडून आलेल्याला सायकल, पगार, राहायला खोली. आमच्या जिल्ह्यातून एकच नाव जाणार होतं, आणि ते माझं नाही तर त्याचं, हे दोघांनाही माहीत होतं. चाचणी दहा दिवसांवर असताना एका चढावर त्याने मला चांगलंच मागे टाकलं. वर पोचून हसत म्हणाला, "तू आपला वांगे पोचवत जाजो." थट्टाच होती. मीही त्याची अशी शंभर वेळा केलेली. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमान आली. टेम्पोचा लाल दिवा लागला. मी आणखी डावीकडे सरकलो आणि हात हँडलवरच ठेवला. मागून माझा दोस्त सरळ टेम्पोच्या फाळक्याच्या कोपऱ्यावर जाऊन आदळला. गळ्याजवळच्या हसळीच्या हाडाचे दोन तुकडे झाले.

मी विसरलो नव्हतो. हात उठायला निघाला होता आणि मीच तो थांबवला. दचकेल, शिव्या देईल, जरा जिरेल, एवढंच माझ्या मनात होतं. हाड मोडावं असं खरंच नव्हतं. पण हे कुणाला सांगू?

संध्याकाळी त्याचे वडील आमच्या ओसरीवर आले. "तुमच्या गाडीनं माह्या पोराचं वाटोळं केलं," म्हणाले. काकाजी हात जोडून उभे. "चुकलं माह्यं. चालत्या गाडीत नमस्कार कराले नोको होता." आणि मी, एवढा घोडा, तोंडात मिठाची गुळणी धरून खांबाला टेकून उभा होतो. तो दवाखान्यातून फोनवर मला म्हणाला, "काकाजीनं ब्रेकच असा मारला, तू हात कवा दाखवशीन? तू वाचला बे, हे बरं झालं." त्या वाक्याने मी आजही झोपेतून उठतो.

चाचणीला मीच गेलो. पहिल्याच दिवशी मागे पडलो आणि परत आलो. त्याचं हाड वाकडं जुळलं. वाकून तासभर हँडल धरणं त्याला आता जमत नाही. सायकल विकून तो दुकानात बसू लागला. माझ्याशी तो पहिल्यासारखाच बोलतो, काकाजींकडे मात्र पाहत नाही. त्याच्या घरी आमची भाजी जात नाही. काकाजींनी केळझरला नमस्कार करणं सोडलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्यासोबत टेम्पोत बसून नागपूरला निघालो होतो. कमान आली. त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट, नजर समोर. मला राहवलं नाही.

"काकाजी, त्या दिवशी मी हात दाखवला नव्हता. मुद्दामच."

त्यांनी गाडी हळू केली नाही. "मालूम हाय मले. रोज आरशात तुहा हात दिसे. त्या रोजी नाई दिसला."

"मंग बोलले काऊन नाई? इतके वर्ष लोकायचं ऐकून घेतलं तुमी."

"ब्रेक त मीच मारला ना बाबू." गिअर बदलून म्हणाले, "अन् वाटे, तू सांगशीन. आज सांगशीन, उद्या सांगशीन."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "मले सांगून का होते? ज्याचं हाड मोडलं त्याले सांग."

परतताना सेलूत त्यांनी कापड दुकानासमोर टेम्पो उभा केला आणि इंजिन बंद केलं. मी उतरलो. आत तो गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरचा तागा काढून देत होता. डावा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून स्टुलावर चढला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ये ना बे," तो म्हणाला, "उभा काऊन हायेस? चहा सांगतो."