खोडाला लावलेला कान

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, नीट कळत नाही — पण आता बसलाच आहात, तर ऐका.

सांगलीजवळच्या एका प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. नारळाचं खोड पोखरणारा सोंड्या भुंगा — तो नारळाशिवाय आणखी कशावर वाढवता येईल, हे बघायचं काम. अभ्यासासाठी चांगली झाडं तोडायला नकोत म्हणून. केळीचा खुंट झाला, पपई झाली. अळ्यांना मानवला तो ऊसच. कांडीला कान लावला की आतून कुरतडणं ऐकू यायचं.

घरी मी सांगितलं होतं, माती तपासते. आमचं जैनाचं घर, पाणीसुद्धा गाळून पिणारं. किडे पोसते आणि शेवटी मारते, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

प्रयोग संपला. सर म्हणाले, उरलेल्या कांड्या उकळत्या पाण्यात टाक. आत जिवंत कोष होते. माझा हात होईना. डब्यात भरून घरी आणल्या आणि परसामागं ओढ्याकाठी ठेवून दिल्या. दया आली, असं मी स्वतःला सांगत आले. दयाच होती का ती? की मारायचंही नव्हतं आणि सरांना नाही म्हणायचंही धाडस नव्हतं?

पुढं काही महिन्यांनी शेजारच्या आक्कांनी हाक मारली. त्यांच्या दारात नारळाचं एकच झाड. गल्लीतल्या प्रत्येकीची ओटी त्या त्याच्याच नारळानं भरायच्या.

"खोडातनं तांबडं पाणी गळतंय बघ. तू शेतकीतली हायस, काय झालंय?"

मी खोडाला कान लावला. तेच कुरतडणं.

शेंडा अजून हिरवा होता. खोडात औषध सोडलं असतं तर झाड वाचलं असतं — मला ठाऊक होतं. पण भुंगा म्हटलं असतं, तर तुला कसं कळलं, आला कुठनं, हेही आलं असतं. मी म्हणाले, "काय न्हाई आक्का, पाणी वाढवा."

माझेच भुंगे होते की दुसरीकडचे, कोण सांगणार? पण गप्प बसले ती मीच.

दिवाळीनंतर शेंडा कोसळला. मला तेव्हा सातवा महिना होता. आक्का ओटी भरायला आल्या, त्या झाडाचा शेवटचा नारळ घेऊन.

"कान लावून बघितलंस गं तू," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण येवढं करतंय?"

मी पदर पुढे केला.