बटण सोडा, साहेब

आखातात, अल क्वोजमधल्या आमच्या कंपनीच्या सहा गाड्यांना मिळून वायरलेसचा एकच चॅनेल होता. एकाने बटण दाबलं की तो ते सोडेपर्यंत बाकीचे पाच नुसते ऐकणार. आमच्या गाडीचा ड्रायव्हर राजापूरकडचा. तो बटण दाबायचा, बीप येईपर्यंत थांबायचा आणि मगच बोलायचा. ही सवय त्याला इतकी जडली होती की साधं ‘जेवलास का?’ विचारलं तरी आधी क्षणभर थांबायचा आणि मग म्हणायचा, ‘जेवलो. ओव्हर.’ मला तो जरा मंद वाटायचा.

आम्ही सुट्टीला निघालो तेव्हा एअरपोर्टला सोडायला तोच आला. मनखूलच्या घरापासून मी बायकोला तिच्यामुळे कसा उशीर झाला ते समजावत होतो. ती मधूनमधून ‘अहो’ म्हणायची, की मी आवाज चढवायचो. क्लॉक टॉवरपाशी तो म्हणाला, ‘साहेब, बटण सोडा. वहिनींचा कॉल कधीचा थांबलाय.’

मी बायकोकडे वळलो.

‘पासपोर्ट टेबलावरच राहिलेत,’ बायको म्हणाली.

त्याने गाडी वळवली, वायरलेस उचलला, बीपची वाट पाहिली. ‘गाडी वापस मनखूल. साहब का पासपोर्ट घर पे. ओव्हर.’

चॅनेल एकच असल्यामुळे ते पाचही गाड्यांनी ऐकलं.